घराचा दाखला कोणाचा? : स्वतंत्र परवानाधारक इंजिनियर नेमण्याविषयीं

या मासिकांतून बियाणें, खतें, विहिरी व पिकांवरील रोग यांविषयीं वेळोवेळीं लेख येत असतात. घर बांधण्याचा विषय त्यांत बसतो कीं नाहीं, अशी शंका कोणी वाचक घेईल. परंतु शेतकऱ्याच्या आयुष्यांत विहीर, मुलामुलींचीं लग्नें व घर या तीनच प्रसंगीं एकरकमी मोठा पैसा हातांतून जातो. विहिरीस पाणी कमी लागलें तर तें पहिल्याच उन्हाळ्यांत कळतें. घराचा दोष मात्र गिलाव्याखालीं व जमिनीखालीं झांकून जातो, आणि तो वर येईपर्यंत कंत्राटदाराचे पैसे चुकते झालेले असतात. म्हणून हा दोष झांकला जाण्यापूर्वींच तो पाहणारा मनुष्य कोण असावा, त्यास कोणीं नेमावें व त्याजकडून काय काम करून घ्यावें, एवढ्याच गोष्टीचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. गावठाणांत घर बांधावयाचें तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें ग्रामपंचायतीची परवानगी लागते, हें बहुतेकांस ठाऊक आहे. पूर्वीं नकाशा नगररचना खात्याकडे पाठवावा लागे व त्यांत महिनोन्‌महिने जात. डिसेंबर २०२० मध्यें राज्य शासनानें मुंबईसारखे कांहीं प्रदेश वगळून बाकी राज्यास लागू होणारी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, आणि लहान घरांचा मार्ग सोपा केला. पुढें २०२१ च्या आरंभीं ग्रामविकास खात्यानें गावठाणांसाठीं त्याच धोरणास धरून असें ठरविलें कीं, सुमारें १६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवर घर बांधणारानें मालकीचे कागद, जागेच्या मांडणीचा नकाशा, इमारतीचा नकाशा आणि 'हे नकाशे नियमावलीस धरून आहेत' असा परवानाधारक इंजिनियर अगर आर्किटेक्ट याचा दाखला ग्रामपंचायतीस द्यावा व विकासशुल्क भरावें. १६०० ते ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेस तेच कागद परवानाधारकाच्या साक्षांकनानें द्यावयाचे व ग्रामपंचायतीनें शुल्काची रक्कम कळवून दहा दिवसांत काम सुरूं करण्याचा दाखला द्यावयाचा. नगररचनाकाराकडे जाण्याचें कारण उरलें नाहीं.

सोय झाली हें खरें. परंतु पूर्वीं जी जबाबदारी सरकारी कचेरीकडे होती, ती आतां एका खासगी मनुष्याच्या सहीवर येऊन ठेपली आहे, ही गोष्ट घर बांधणाऱ्यांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. पुष्कळांस ती सही म्हणजे उताऱ्यासारखाच एक कागद वाटतो. कंत्राटदार तो आणून देतो व आपण तो फायलीस लावतों.

शिवाय या दाखल्यांत काय असतें व काय नसतें, हेंहि समजून घेतलें पाहिजे. नकाशा नियमांस धरून आहे म्हणजे मोकळी जागा किती सोडली, उंची किती, रस्ता किती रुंद, जिना व खिडक्या कशा, इतकेंच त्यांत पाहिलेलें असतें. तुमच्या जागेंत काळी माती किती खोल आहे, पाया मुरमापर्यंत गेला कीं नाहीं, स्लॅबांत लोखंड नकाशाबरहुकूम पडलें कीं नाहीं, हें त्या कागदांत नसतें. असूं शकतहि नाहीं, कारण तो कागद काम सुरूं होण्यापूर्वींचा असतो. कामाच्या वेळची तपासणी ही वेगळी गोष्ट असून ती मालकानें स्वतः मागून घ्यावी लागते.

प्रस्तुत लेखकास हें ज्ञान फुकट मिळालेलें नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करतांना तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद तपासले. ज्या कागदावर सही, शिक्का व तारीख आहे तो पुरा, अशी नजरेस संवयच लागली होती. २०२१ सालच्या हिंवाळ्यांत गावठाणांतील वडिलोपार्जित जागेवर घर बांधावयास काढलें. कंत्राटदार म्हणाला, "भाऊसाहेब, इंजिनियरची काळजी करूं नका, तो आमचाच आहे, त्याचे वेगळे पैसे पडणार नाहींत." नकाशा आला, दाखला आला, पुढें जोत्यापर्यंतचें काम नकाशाप्रमाणें झाल्याचा आणखी एक सहीचा कागद आला. सर्व कागद क्रमानें लावून, पृष्ठांक घालून मीं फाईल बांधून ठेविली. इंजिनियर महाशयांचें दर्शन मात्र घर पुरें होईपर्यंत एकदांच झालें, तेंहि वास्तुशांतीच्या पंगतींत.

पुढच्या पावसाळ्यांत मागील खोलीचें दार अडकूं लागलें. लांकूड फुगलें असेल म्हणून सुताराकडून तें तासून घेतलें. दिवाळीच्या सुमारास त्याच खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी भेग निघाली व उन्हाळ्यांत तींत आगपेटीची काडी आडवी जाऊं लागली. तेव्हां तालुक्याहून दुसऱ्या एका इंजिनियरास फी देऊन आणलें. त्यानें भेगेकडे फारसें पाहिलेंच नाहीं; भिंतीलगत खड्डा खणावयास सांगितला. अडीच फुटांवर पाया संपला. खालीं निव्वळ काळी माती. सहा फुटांवर मुरूम लागला. मग त्यानें माझी फाईल मागितली व नकाशा उघडून दाखविला. त्यांत पायाची खोली 'कठीण मुरमापर्यंत, किमान साडेपांच फूट' अशी स्पष्ट लिहिली होती! नकाशा बरोबर होता. दाखला नकाशाप्रमाणें काम झाल्याचा होता. फक्त काम त्याप्रमाणें झालें नव्हतें. पहिल्या इंजिनियरास गांठून विचारलें, तेव्हां त्यानें कांहींएक आडपडदा न ठेवतां सांगितलें कीं, या कंत्राटदाराचीं बारा कामें आपणाकडे आहेत, तो फोनवर 'झालें' म्हणाला व आपण सही केली. त्याच्या बोलण्यांत मला लबाडीपेक्षां रीतच अधिक दिसली. ज्याचें अन्न तो खात होता, त्याच्याच कामावर त्यास शेरा मारावयाचा होता.

काळ्या मातीचा गुण आपणां शेतकऱ्यांस कोणीं सांगावयास नको. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हें फुगणें-आटणें वरच्या थरांत अधिक व खोलांत कमी असतें. अर्धवट खोलीवरचा पाया त्या थरावर तरंगतो. घराच्या मध्यभागीं माती सावलींत राहून ओल टिकते, कडेला ती वाळते, त्यामुळें घराचा एक कोपरा वर राहतो व दुसरा खालीं बसतो, आणि भिंत खिडकीच्या कोपऱ्यांत, जेथें ती सर्वांत दुर्बळ असते तेथें, फाटते. ज्या जमिनीस आपण कपाशीसाठीं दुवा देतों, तीच जमीन घरास वैरीण होते. आमच्या घरास भोंवतालीं फरशी बसवून पाणी दूर काढून दिलें व त्या बाजूचा पाया तुकड्यातुकड्यानें मुरमापर्यंत उतरविला. त्यास मूळ पायाच्या तिप्पट खर्च आला.

कोणी म्हणेल कीं, हल्लीं घर बांधतांना देखरेख करणारे पुष्कळ असतात. असतात खरे, पण ते कोणाचे असतात हें पहावें. बँकेचें कर्ज असेल तर बँकेचा मूल्यमापक येतो. तो काम किती झालें हें पाहतो, कारण तितक्याच कामापुरता हप्ता सोडावयाचा असतो. काम कसें झालें हा त्याचा प्रश्न नव्हे. घरकुलाच्या सरकारी योजनेंत प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र काढून त्यावर हप्ता मिळतो. छायाचित्रांत पायाची खोली उमटत नाहीं. ग्रामपंचायतीचा अधिकारी हद्द व शुल्क पाहतो. कंत्राटदाराचा इंजिनियर कंत्राटदाराचा. चार मनुष्यें येऊन जातात आणि त्यांत मालकाचा कोणीच नसतो.

हा पेंच केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत १९९८ पासून इमारतींची तपासणी नगरपालिकेऐवजीं खासगी परवानाधारक तपासनीसाकडून करून घेण्याची मोकळीक आहे. तेथेंहि बांधकाम करणाराच तपासनीस ठरवून टाकीत असे. म्हणून तेथील कायद्यांत अशी तजवीज आहे कीं, मुख्य तपासनीसाची नेमणूक जागेच्या मालकानेंच करावयाची, कंत्राटदारानें मालकाच्या वतीनें करावयाची नाहीं. तपासनीसाचा त्या कामांत स्वतःचा हितसंबंध असतां कामा नये. २०१८ च्या डिसेंबरांत सिडनी शहरांतील ओपल टॉवर या नव्या कोऱ्या उंच इमारतीस तडे जाऊन ऐन नाताळांत रहिवाशांस घरें सोडावीं लागलीं; त्याच वर्षीं मंजूर झालेला तपासनीसांविषयींचा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून अंमलांत आला. इंग्लंडांत १४ जून २०१७ रोजीं लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसें मेलीं. त्या इमारतीची तपासणी नगरपालिकेच्याच खात्याकडे होती, खासगी मनुष्याकडे नव्हती, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. तरीपण त्यानंतर जुडिथ हॅकिट बाईंनीं जी चौकशी केली, तींत बांधणारानेंच आपला परीक्षक निवडावा या प्रघातावर बोट ठेविलें, व २०२२ च्या कायद्यानें उंच इमारतींच्या बाबतींत ही निवड बांधणाऱ्याच्या हातून काढून घेतली. सरकारी असो वा खासगी, परीक्षक हा परीक्षार्थ्यानें निवडलेला नसावा, एवढें त्या दोन्ही देशांस नुकसान सोसून कळलें.

आपल्याकडे एक भाबडी समजूत अशी आहे कीं, सिमेंट व लोखंड वापरलें म्हणजे घर पक्कें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें मेलीं, तीं मुख्यतः मातींत रचलेल्या दगडी भिंती व वरचीं जड माळवदें अंगावर पडून मेलीं. तेव्हांपासून आमच्या भागांत माळवद गेलें व स्लॅब आला. पण २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत भूजपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेंत सिमेंट-काँक्रीटच्याच अनेक मजली इमारती कोसळल्या; आणि आपल्या महाड येथें २४ ऑगस्ट २०२० रोजीं जी पांच मजली इमारत पडली, तिला तर भूकंपाचेंहि निमित्त लागलें नाहीं. दगडमातीच्या भिंतीचा दोष निदान डोळ्यांस दिसत असे. काँक्रीटचा दोष काँक्रीटच्या पोटांत असतो.

आतां नेमणुकीकडे वळूं. आर्किटेक्ट असेल तर तो १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणें स्थापन झालेल्या परिषदेकडे नोंदलेला असला पाहिजे. त्याचा नोंदणी क्रमांक मागावा. इंजिनियर असेल तर परवाना कोणत्या कचेरीचा, क्रमांक काय व मुदत केव्हां संपते हीं तीन उत्तरें लेखी घ्यावीं व त्या कचेरींत जाऊन नोंद पहावी. परवान्याची मुदत संपलेली असून सह्या मात्र चालूं आहेत, असे गृहस्थ प्रत्येक तालुक्यांत एकदोन तरी निघतात. परवान्याच्या पायऱ्याहि सारख्या नसतात. सुपरवायझर म्हणून परवाना असलेल्यास ठराविक आकाराच्या लहान कामापुरताच अधिकार असतो. आणि कॉलम-बीमचें गणित करून त्यांत लोखंड किती घालावें हें ठरविणारा स्ट्रक्चरल इंजिनियर हा आणखी निराळा. दोन मजले चढवावयाचे असतील अगर जमीन काळी असेल, तर हें गणित अशा मनुष्याकडूनच करून घ्यावें; गवंड्याच्या अंदाजावर सोडूं नये.

नकाशा काढणारानेंच तपासणी करावी कीं तपासणीस दुसरा मनुष्य घ्यावा, याविषयीं मतभेद आहेत. माझ्या मतें खेडेगावांतील एका घरासाठीं दोघे नेमण्याची ऐपत बहुधा नसते, व आपला नकाशा बरोबर उतरावा अशी काढणाऱ्यासहि इच्छा असते. तेव्हां एकच असला तरी चालेल. मात्र तो कंत्राटदारानें आणलेला नसावा, त्याचा भागीदार अगर सोयरा नसावा, आणि लोखंड-सिमेंटच्या दुकानाशीं त्याचा संबंध नसावा. 'अमुकच दुकानांतून घ्या' असा आग्रह जो धरतो, त्याला नमस्कार करून दुसरा पहावा.

येथें एक गोष्ट सांगतों, जी न केल्यामुळें चांगला इंजिनियर नेमूनहि लोकांचे पैसे वायां जातात. इंजिनियरशीं करार होतो, पण कंत्राटदाराच्या करारांत त्याचा उल्लेखच नसतो. मग इंजिनियर येऊन 'हें चुकलें' म्हणतो व कंत्राटदार 'तुम्ही कोण?' म्हणून विचारतो. तेव्हां कंत्राटदाराच्या करारपत्रांतच पुढील आशयाचें कलम घालावें : "पाया, जोतें व प्रत्येक स्लॅब यांचें काँक्रीट मालकानें नेमलेल्या इंजिनियरची लेखी संमति मिळाल्याखेरीज ओतूं नये. संमतीवांचून ओतलेलें काँक्रीट फोडून पुन्हा करण्याचा खर्च कंत्राटदाराकडे राहील. प्रत्येक टप्प्याचे पैसे इंजिनियरचा दाखला पाहून दिले जातील." शेंकडा पांच ते दहा रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याचें कलमहि असावें. हें सर्व काम सुरूं होण्यापूर्वीं लिहून घ्यावें. विटा येऊन पडल्यावर कोणीहि कंत्राटदार असल्या कलमावर सही करीत नाहीं.

इंजिनियरची फी एकदम ठरवून देऊं नये. फेरीवर ठरवावी, आणि प्रत्येक फेरीनंतर पावती घेऊन स्वतःच्या हातानें द्यावी. कंत्राटदाराच्या हातून ती जाऊं देऊं नये. पावतीचा आणखी एक उपयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत घरबांधणी ही 'सेवा' धरलेली आहे व सेवेंत कसूर झाल्यास जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. परंतु फुकट दिलेल्या सेवेस त्या कायद्याचें संरक्षण नाहीं. कंत्राटदाराचा फुकटचा इंजिनियर किती महाग पडतो, तें यावरून ध्यानांत येईल.

फेऱ्या कोणत्या? पहिली, पायाचा खड्डा तयार झाल्यावर, आंत कांहीं घालण्यापूर्वीं. मुरूम लागला कीं नाहीं हें तेव्हांच दिसतें. पुढें जन्मांत दिसत नाहीं. दुसरी, पायाचें व कॉलमचें लोखंड बांधल्यावर. येथें त्यानें कॉलमच्या रिंगा पहाव्या. रिंगेचीं टोकें काटकोनांत वळवून सोडलेलीं असतात, तीं तशीं नसून आणखी आंत, कॉलमच्या पोटाकडे, १३५ अंशांत वळविलेलीं हवींत. नाहींतर भूकंपाच्या हिसक्यांत रिंग उकलते व उभ्या सळया बाहेर फुगतात. बीम जेथें कॉलमला मिळतो तेथें रिंगा दाट हव्या. गवंडी तेथें हात पोंचत नाहीं म्हणून नेमक्या विरळ घालतो. तिसरी फेरी जोत्यावर. चौथी व सर्वांत महत्त्वाची, स्लॅबचें लोखंड बांधून झाल्यावर व काँक्रीट ओतण्यापूर्वीं. ओततांना त्यानें स्वतः हजर असावें. शेवटची, टेकू काढण्याच्या वेळीं.

या चौथ्या फेरीची एक हकीकत सांगतों. आमच्या पुतण्यानें २०२३ च्या हिंवाळ्यांत घर काढलें, तेव्हां माझ्या अनुभवावरून त्यानें वरीलप्रमाणें करार करून तालुक्याचा एक तरुण इंजिनियर नेमला. वयानें तो आमच्या धाकट्या चिरंजीवांएवढा. स्लॅबच्या दिवशीं सकाळीं मिक्सर लागलेला, खडी-वाळूचे ढीग पडलेले, तीस-चाळीस बिगारी पाट्या घेऊन उभे. इंजिनियर शिडीनें वर गेला, फिरला, आणि सज्जापाशीं जाऊन बसला. पुढें आलेल्या सज्जाचें मुख्य लोखंड वरच्या अंगास असावें लागतें, कारण भार आला म्हणजे त्याची वरची बाजू ताणली जाते. येथें तें लोखंड बांधतांना वरच होतें. पण त्याखालीं आधाराच्या खुर्च्या न ठेवल्यामुळें रात्रंदिवस माणसें त्यावरून चालून तें तुडवून खालीं बसलें होतें. स्लॅबच्या सळयांखालींहि कव्हराचे ठोकळे नव्हते; सळया फळ्यांस चिकटून होत्या. त्यानें वही काढून 'संमति नाहीं' असें लिहिलें व सही केली.

कंत्राटदार वर आला. "साहेब, चाळीस माणसें उभीं आहेत. पंधरा वर्षें अशीच कामें करतों, एकहि पडलें नाहीं."

"तुमचीं बाकीचीं कामें मीं पाहिलेलीं नाहींत," तो मुलगा म्हणाला, "हें एक पाहिलें आहे."

पुतण्या माझ्याकडे पाहूं लागला. "काका, आज मुहूर्त धरलाय, माणसांची मजुरी अंगावर येईल. काय करायचं?" खरें सांगावयाचें तर क्षणभर माझ्याहि मनांत आलें कीं, होऊं द्यावें, इतकीं घरें उभीं आहेतच कीं! मग मागच्या खोलीच्या खिडकीचा तो कोपरा आठवला. करारपत्र काढून कंत्राटदारापुढें धरलें. त्यानें तें वाचलें, शिव्या दिल्या त्या कोणासहि उद्देशून नव्हत्या, आणि सेंट्रिंगवाल्यांस हांक मारली. सायंकाळपर्यंत सज्जाचें लोखंड उचलून खुर्च्यांवर बसविलें, ठोकळे घातले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातास काँक्रीट सुरूं झालें. बिगाऱ्यांची आदल्या दिवसाची अर्धी मजुरी पुतण्यानें व अर्धी कंत्राटदारानें सोसली. करारानें ती सगळी कंत्राटदारावर घालतां आली असती, पण अजून गिलावा व्हावयाचा होता.

त्या दिवशीं इंजिनियर मिक्सरपाशीं उभा राहिला, तेंहि पाहण्यासारखें होतें. पन्नास किलोच्या एका पोत्यास सुमारें २५ ते २७ लिटर पाणी पुरे असतें, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बिगाऱ्यास मात्र पातळ माल आवडतो, कारण तो उचलावयास व पसरावयास सोपा. म्हणून बादलीवर बादली पडते. जास्तीचें पाणी पुढें उडून जातें व आपल्या जागीं बारीक पोकळ्या सोडतें. त्यांतून ओल शिरून लोखंड गंजतें, आणि गंजलेलें लोखंड फुगून काँक्रीटचे पोपडे पाडतें. दहा-पंधरा वर्षांत स्लॅबच्या पोटांतून सळया उघड्या पडतात, त्याचें कारण बहुधा या बादल्यांत व न घातलेल्या ठोकळ्यांत असतें. त्यानें बादल्या मोजून घातल्या, आणि पंधरा सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरून घेतले. तीन सात दिवसांनीं व तीन अठ्ठावीस दिवसांनीं प्रयोगशाळेंत दाबून फोडले. 'एम २०' काँक्रीट म्हणतात त्यानें अठ्ठावीस दिवसांनीं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें दोनशें किलो दाब सोसला पाहिजे, असा त्याचा अर्थ.

इंजिनियर नेमला म्हणजे मालक मोकळा झाला, असें मात्र समजूं नये. तो सहा वेळां येणार. मधल्या दिवसांचा धनी मालकच. स्लॅबवर माती-वाळूचे आळे करून पाणी तुंबवून ठेवणें हें काम घरच्या मनुष्यानें करावें. हल्लीं बाजारांत जें राखमिश्रित सिमेंट सर्रास मिळतें, त्यास निदान दहा दिवस सतत ओल लागते. सकाळ-संध्याकाळ नळी फिरविणें म्हणजे ओल नव्हे. पाणी पिण्याजोगें असावें. खाऱ्या विहिरीचें वापरूं नये. सिमेंटचीं पोतीं तीन महिन्यांहून जुनीं नसावींत. टेकू काढण्याची घाई कंत्राटदारास असते, कारण ते दुसऱ्या कामावर न्यावयाचे असतात. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा, व बीमखालचे गाळ्याच्या लांबीप्रमाणें चौदा ते एकवीस दिवस, हें कमींत कमी प्रमाण साध्या सिमेंटचें आहे. राखमिश्रित सिमेंट असेल व थंडी कडक असेल तर इंजिनियर सांगेल तितके अधिक दिवस थांबावें.

गावठाणाबाहेर, शेतांत घर बांधणारांचा प्रश्न निराळा आहे. शेतघर कशास म्हणावें व अकृषिक वापर कोठें सुरूं होतो, याविषयींचे नियम गेल्या कांहीं वर्षांत वारंवार बदलले आहेत. म्हणून जुन्या माहितीवर न विसंबतां आपल्या तलाठ्यास, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, प्रत्यक्ष विचारून मगच पाऊल टाकावें. तपासणीविषयीं वर लिहिलेलें सर्व मात्र तेथेंहि तसेंच लागू आहे. किंबहुना शेतांत काळी माती अधिक खोल असल्यामुळें पायाच्या फेरीस तेथें अधिक महत्त्व आहे.

आपल्याकडे बांधकामें सुगी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत निघतात, व त्या वेळीं चांगले इंजिनियर मोकळे सांपडत नाहींत. ज्यांस या वर्षीं घर काढावयाचें आहे, त्यांनीं दसऱ्याच्या आंतच मनुष्य ठरवावा, आणि जागेंत एका कोपऱ्यास सहा-सात फुटांचा एक खड्डा घेऊन त्यास दाखवावा. एका दिवसाचें दोन गड्यांचें काम आहे. पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळें मातीचा थर, मुरूम व ओल कोठवर आहे तें या वेळीं स्वच्छ दिसतें, आणि पायाचा अंदाज त्यावरच बसवितां येतो.